कालनिर्णयचं कव्हर

जूनमध्ये सई पुण्याला शिकायला गेली. गादी, बादली, मग, कपडे वाळत घालायची दोरी, कुलूप आणि त्याच्या दोन किल्ल्या असं सगळं होस्टेलच्या खोलीत लावून देऊन आम्ही दोघं डोंबिवलीला परत आलो, आणि पुढच्या रविवारी मी तिचं पुस्तकांचं कपाट पुसायला घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. वरच्या दोन खणांत सीईटीचे ठोकळे होते. ते रद्दीत द्यायचे की शेजारच्या मुलाला, ते ठरत नव्हतं. खालच्या खणात अकरा इंग्रजी कादंबऱ्या. गुलाबी, आकाशी, लिंबाच्या सालीसारख्या पिवळ्या. बारावीच्या वर्षात या खणावरून मी तिला किती बोललो होतो ते मला चांगलं आठवत होतं. "ती गुलाबी पुस्तकं ठेव आधी बाजूला" हे वाक्य आठवड्यातून तीनदा तरी माझ्या तोंडी असे. त्यातलं एकही मी कधी उघडून पाहिलेलं नव्हतं.

मी एक्कावन्न वर्षांचा आहे. फोर्टमधल्या एका विमा कंपनीत क्लेमचे कागद तपासतो. वाचनाची आवड म्हणाल तर ती बायोडेटात लिहायचो तेव्हापासून आहे, पण गेली दहा-बारा वर्षं पेपर, एखादा दिवाळी अंक आणि फोन, एवढ्यावरच भागत होतं. मुलीचं मन समजून घ्यावं असा काही थोर विचार तेव्हा डोक्यात होता, असं आता सांगायला हरकत नाही, पण तसं नव्हतं. ती नसलेल्या घरात तिच्या वस्तूंना हात लावायला निमित्त हवं होतं. आणि थोडा चोरटेपणाही होता. पोरगी रात्री एक-एक वाजेपर्यंत जागून वाचायची, ते होतं तरी काय?

पहिलं हाताला लागलं ते जेनी हानचं ‘टू ऑल द बॉईज आय हॅव लव्ह्ड बिफोर’. मुखपृष्ठावर पलंगावर लोळत काहीतरी लिहिणारी मुलगी. हे पुस्तक घेऊन लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं ढुंगण टेकून बसायचं धैर्य माझ्यात नव्हतं. म्हणून गेल्या वर्षीच्या कालनिर्णयचं एप्रिलचं पान काढलं आणि शाळेत घालायचो तसं कव्हर घातलं. पुढे हनुमान जयंती, मागे बायकोच्या अक्षरात ‘सिलिंडर आला’. आता कोणी बघितलं तरी काका एखादी पोथी वाचताहेत असंच वाटलं असतं.

गोष्ट अशी की लारा जीन नावाची सोळा वर्षांची मुलगी आवडलेल्या प्रत्येक मुलाला एक पत्र लिहिते आणि पोस्टात न टाकता आईनं दिलेल्या टोपीच्या डब्यात ठेवून देते. अशी पाच पत्रं. एक दिवस ती पाचही पोस्टात पडतात. मग लाज झाकायला ती शाळेतल्या पीटर कॅव्हिन्स्कीबरोबर खोटंखोटं जमवते, त्याच्या अटीही दोघं कागदावर लिहून काढतात. या कादंबऱ्या वाचणारे याला ‘फेक डेटिंग’ म्हणतात. पुढे काय होणार ते पहिली अट लिहितानाच कळतं, जसं सिनेमात दोघांची सायकल एकमेकांवर आपटली की आपल्याला कळायचं.

सुरुवातीला वाचनाचा वेग म्हणजे मालगाडीचा. इंग्रजी कठीण नव्हतं, शाळा कठीण होती. डायरीच्या शेवटच्या पानावर मी टिपून ठेवलं: फ्रेशमन नववी, सोफोमोर दहावी, ज्युनिअर अकरावी, सीनिअर बारावी. हे एकदा बसल्यावर गाडी रुळावर आली. मात्र ही सगळी मुलं अकरावी-बारावीत असून कोणाच्याच घरात केबल काढलेली नाही, कोणाच्याच आईनं लग्नाकार्याला जाणं बंद केलेलं नाही, हे पचायला वेळ लागला.

आणि एका ठिकाणी मी अडकलो. पुस्तक सुरू होतं तेव्हा लारा जीनची मोठी बहीण, मार्गो, कॉलेजसाठी स्कॉटलंडला निघालेली असते. आई गेल्यापासून घर तिनं चालवलेलं. बाप डॉक्टर, बायकांची बाळंतपणं करणारा, तीन मुलींना एकटा सांभाळणारा. ठाणं आलं, गेलं, घाटकोपर आलं, तरी मी त्याच दोन पानांवर. लेखिकेनं पुस्तक लिहिलं होतं सोळा वर्षांच्या मुलीच्या प्रेमाबद्दल, आणि मी वाचत होतो सामान बांधून गेलेल्या मुलीच्या बापाबद्दल, ज्याला लेखिका चार ओळींच्या वर जागा द्यायला तयार नव्हती.

तेव्हापासून खोड लागली. नवीन पुस्तक उघडलं की आधी बाप कुठे आहे ते बघायचं. बहुतेक ठिकाणी तो नसतो. मेलेला असतो, सोडून गेलेला असतो, नाहीतर कामावर. आईची तीच गत. याचं कारण हळूहळू लक्षात आलं. मुलांना मोकळं सोडल्याशिवाय गोष्ट घडत नाही. बाप घरात बसलेला असेल तर यातली कुठलीही प्रेमकथा दहा पानांत संपेल. (लारा जीनचे वडील पुढे शेजारणीशी लग्न करतात. २०१७ साली आलेल्या तिसऱ्या भागात ते लग्न आहे. तीनही भाग सईकडे होते, आणि त्या लग्नाला माझ्याइतका आनंद कुठल्या सोळा वर्षांच्या वाचकाला झाला असेल असं वाटत नाही.)

दुसऱ्या पुस्तकाच्या सुमाराला नायरनं पकडलं. आमच्या ग्रुपमधला हा माणूस दुसऱ्याच्या खांद्यावरून पेपर वाचण्यात पटाईत. नेमकं चुंबनाचं पान चालू होतं. तो काही बोलला नाही. कुर्ल्याला फक्त म्हणाला, "पान उलटा ना, माझं झालं."

या पुस्तकांना ‘यंग अ‍ॅडल्ट’ म्हणतात, साधारण बारा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी. मोरीन डेलीची ‘सेव्हन्टीन्थ समर’ १९४२ साली आली, तिच्यापासून या प्रकाराची सुरुवात धरणारे बरेच आहेत. त्यात एका उन्हाळ्यापुरतं प्रेम आहे. १९७५ साली जूडी ब्लूमनं ‘फॉरेव्हर’मध्ये त्या प्रेमाला शरीरही असतं हे स्पष्ट लिहिलं, आणि ते पुस्तक शाळांच्या ग्रंथालयांतून काढून टाका म्हणून अमेरिकेतले पालक पुढे कितीतरी वर्षं मागे लागले होते. ते सईच्या कपाटात नव्हतं. म्हणजे मला सापडेल अशा जागी तरी नव्हतं.

ही माहिती मी गोळा केली ती अभ्यास म्हणून नव्हे, तर या वयात हे वाचणं बरं दिसतं का, या धाकधुकीतून. त्यात मोठा दिलासा सापडला. बाउकर या संस्थेनं २०१२ साली अमेरिकेत पाहणी केली, तर बारा ते सतरा वयाच्या मुलांसाठी म्हणून छापलेली पुस्तकं विकत घेणाऱ्यांतले ५५ टक्के लोक अठरा वर्षांचे किंवा त्याहून मोठे निघाले. त्यांतला सगळ्यात मोठा गट तीस ते चव्वेचाळीसचा. मुलांसाठी घेत असतील म्हणावं, तर त्यांनीच सांगितलं की दहातल्या जवळपास आठ वेळा स्वतःला वाचायलाच घेतो. दोन वर्षांनी तिकडच्याच एका नियतकालिकात लेख आला की असल्या मोठ्या माणसांना लाज वाटली पाहिजे. मी दोन्ही वाचलं आणि पहिल्यावर विश्वास ठेवला.

आमच्या वेळी हा खणच नव्हता. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे संपला, ‘किशोर’चे अंक मागे पडले, की थेट सुहास शिरवळकर. ‘दुनियादारी’ मी दहावीच्या सुट्टीत वाचली, तिथे सगळे कॉलेजात, कट्ट्यावर, सिगारेटी ओढत. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला जे होतं ते नीट मांडलेलं मी वाचलं मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’त, पण ती आली २००४ साली, तेव्हा मी तीस वर्षांचा होतो. तिचा मुकुंद जोशी नववीत असला तरी दुकानात ती मोठ्यांच्या कादंबऱ्यांतच ठेवलेली असते. ऑगस्टमध्ये मी ती पुन्हा काढून वाचली. अमेरिकन मुलं बोलून बोलून प्रेमात पडतात. आपल्याकडे बोलणं हीच शेवटची पायरी. त्याआधीचं सगळं नजरेनं, सायकलच्या घंटीनं आणि मित्रांच्या चर्चेत. मी स्वतः दोन वर्षांत त्या मुलीशी एकच वाक्य बोललो होतो: "भूमितीची वही मिळेल का?" ती म्हणाली, "आज आणली नाही."

मधली पुस्तकं भराभर झाली. संध्या मेननचं ‘व्हेन डिंपल मेट ऋषी’ मी घरी, कव्हर न घालता वाचलं, कारण त्यात आईबाप आहेत आणि आपल्यासारखे आहेत. मुलीनं कोडिंगच्या शिबिराला जायचं ते कोडिंगसाठी, आणि तिथे आपण पसंत केलेला मुलगाही येतोय हे तिला सांगायचं नाही, अशी युक्ती ते करतात. मुलगा भेटताच ‘भावी पत्नी’ म्हणतो आणि थंड कॉफीचा पेला तोंडावर झेलतो. यावरून ‘मिसमॅच्ड’ ही मालिका निघाली २०२० साली, त्यातली डिंपल झालेली प्राजक्ता कोळी आपल्या ठाण्याची, एवढं ऐकून बायकोही बसली. पुस्तक मला ठीक वाटलं. मुलगा इतका गुणी की त्याला रेशनच्या रांगेत उभं करून बघावंसं वाटतं.

जॉन ग्रीनच्या ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ला मात्र मी तयार नव्हतो. कॅन्सर झालेली हेझल आणि ऑगस्टस, यांच्या प्रेमानं जग रडलं ते मला माहीत होतं. आपल्याकडे ‘दिल बेचारा’ त्यावरच निघाला. मी रडलो तो दुसऱ्याच जागी. हेझलची आई गुपचूप समाजकार्याच्या पदवीचा अभ्यास करत असते. मुलीला सांगत नाही, कारण मुलगी गेल्यानंतरच्या दिवसांची तयारी चाललीय असं तिला वाटेल. आणि मुलीला तर सगळ्यात मोठी भीती हीच असते की माझ्यामागे यांना काही उरणारच नाही. कळल्यावर ती खूश होते. मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर मुंब्र्याची खाडी बघत बसलो. त्याच महिन्यात बायकोनं मोडी लिपीच्या वर्गात नाव घातलं होतं. शनिवारी दोन तास. मी म्हणालो होतो, आता या वयात मोडी कशाला? त्या संध्याकाळी मी तिला बोरू आणून दिला. तिनं विचारलं, "काय हवंय तुम्हाला?"

मग आलं ‘एलेनॉर अँड पार्क’, रेनबो रॉवेलचं. १९८६ साल, अमेरिकेतलं ओमाहा, शाळेची बस. जाडी, लाल केसांची, विचित्र कपड्यांतली मुलगी आणि शेजारच्या सीटवरचा अर्धा कोरियन मुलगा. ती त्याच्या हातातलं कॉमिक तिरक्या नजरेनं वाचतेय हे त्याला कळतं, तेव्हापासून तो पानं जरा सावकाश उलटायला लागतो. नायरची आठवण झाली. पुढे कॅसेटी, वॉकमन आणि त्याचे सेल. तिच्याकडे सेल घ्यायला पैसे नाहीत. हे वाचताना मला आमची गॅलरी दिसली. संपत आलेले सेल आम्ही तिथे उन्हात ठेवायचो, त्यातून आणखी दोन गाणी निघायची. आणि बसमधला तो हात. पहिल्यांदा हात धरण्यावर ही बाई इतकं लिहिते आणि एक शब्द जास्त वाटत नाही. चाळीस वर्षांत मी वाचलेल्या मोठ्यांच्या कादंबऱ्यांत लोक एकमेकांच्या मिठीत जातात, हात धरलेला कोणी बघत नाही.

याच पुस्तकात पेन्सिलीच्या खुणा होत्या.

आधी वाटलं आवडलेली वाक्यं असतील. पण प्रेमाच्या पानांवर एकही रेघ नव्हती. रेघा होत्या त्या एलेनॉरच्या घराच्या पानांवर. पाच भावंडं एका खोलीत, न्हाणीघराला दार नाही, आणि दारू पिणारा सावत्र बाप. तो घरी आला की मूड कसा आहे याचा कानोसा घेत पोरं गप्प पडून राहतात. अशा जागी हलकी रेघ, पट्टी न लावता ओढलेली. आणि एका ठिकाणी समासात इंग्रजीत चारच अक्षरं: ‘सेम’.

माझी अर्धी हयात सह्या पडताळण्यात गेली आहे. मी सईच्या केमिस्ट्रीच्या वह्या काढल्या आणि त्या चार अक्षरांशी लावून पाहिल्या. ‘एम’ जुळत नव्हता. ‘ई’ थोडा जुळत होता. पंचवीस वर्षांच्या अनुभवाप्रमाणे मी हा क्लेम फेटाळायला हवा होता. पण मी स्वतःलाच सांगितलं, पेन्सिलीनं अक्षर बदलतं, रात्री झोपून लिहिलं की बदलतं. आणि मग एकेक आठवायला लागलं. मी दारात चपला काढल्या की हॉलमधली सई तिच्या खोलीत जायची. बारावीच्या डिसेंबरमध्ये मी तिचा फोन काढून घेतला होता, आठवडाभर तो माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होता. मी कधी हात उगारला नाही, दारूला शिवत नाही. पण कानोसा घ्यायला लावायला दारू लागतेच असं कुठे आहे?

सप्टेंबरभर मी घरात हळू वागलो. किल्ली आवाज न करता लावायची, टीव्ही बारीक. ज्या मुलीसाठी हे चाललं होतं ती दीडशे किलोमीटरवर, होस्टेलमध्ये. शेवटी बायकोनं विचारलं, बरं नाही का? मी पुस्तक पुढे केलं. तिनं चष्मा लावून सगळ्या रेघा पाहिल्या. "तुमचा आवाज मोठा आहे," ती म्हणाली. "पण इतका नाही हो." मग थोडं थांबून, "तिलाच विचारा ना." फोनवर विचारायचं हे नव्हे, असं म्हणून मी दिवाळीपर्यंत ढकललं.

दिवाळीला सई आली. तीन दिवस मी घुटमळलो. पाडव्याच्या दुपारी ती चकल्यांचा डबा घेऊन पलंगावर बसली होती, तेव्हा ते पुस्तक तिच्यासमोर ठेवलं. आधी ती कव्हर बघूनच हसत सुटली. "बाबा! हनुमान जयंती? तू हे वाचलंस?"

"अकरातली सात वाचली. ते जाऊ दे. हे तू लिहिलंयस का?"

तिनं पान डोळ्यांजवळ नेलं. "नाही रे. हे सुंदराबाई हॉलच्या प्रदर्शनातलं आहे. किलोवर घेतलं होतं. मी वाचलंच नाही अजून, बसपर्यंत गेले आणि सीईटी आली."

"मग कोणाचं?"

"मला काय माहीत? आधी ज्याचं असेल त्याचं." तिनं आणखी दोन-तीन पानं उलटली. रेघा बघत राहिली. चकली हातात तशीच. "बिचारी," म्हणाली.

मला एकदम हायसं वाटलं. पण ते फार वेळ टिकलं नाही. पहिलं पान उलटून पाहिलं, तिथे नाव होतं आणि कोणीतरी बॉलपेननं ते इतकं गिरगटून खोडलं होतं की कागदाच्या मागे ठसा उमटला होता. ऑफिसात करतो तसं मी ते पान खिडकीच्या उजेडासमोर धरलं. मग खाली घेतलं. ते नाव वाचून मी काय करणार होतो?

"तू दोन महिने हे मनात ठेवलंस?" सई म्हणाली. "तू तसा नाहीयेस. दार मात्र आपटायचास."

"आता नाही आपटत."

"आता आहे कोण घरात?" म्हणून तिनं डबा माझ्याकडे सरकवला. "मी काही हे वाचणार नाही. शेवट सांग."

मी सांगितला. एलेनॉरला घरातून पळावं लागतं, ती दूर मिनेसोटात मामाकडे जाते. पार्क पत्रांमागून पत्रं लिहितो, उत्तर नाही. कितीतरी महिन्यांनी एक पोस्टकार्ड येतं. त्यावर तीनच शब्द असतात, आणि कुठले ते लेखिका सांगत नाही.

"आय लव्ह यू. अजून काय असणार?"

"मला नाही वाटत," मी म्हटलं. "मला वाटतं, ‘पोचले. काळजी नसावी.’"

तिला हसताना चकलीचा ठसका लागला. पाणी द्यायला बायको आतून धावत आली.

भाऊबीज झाली, सोमवारी सईला कल्याणहून गाडीत बसवलं. पुस्तक तिनं नेलं नाही. खुणा खोडून टाकायच्या का असं बायकोनं विचारलं होतं, मी नको म्हणालो. ते खालच्या खणात आहे, कव्हरासकट. एरवी पुण्याला उतरल्यावर सई इंग्रजीत ‘रीच्ड’ एवढंच पाठवते. कधी तेही विसरते, मग मी अर्ध्या तासानं फोन करतो आणि ती वैतागते. त्या रात्री दहाच्या सुमाराला फोन वाजला. तीन शब्द होते.

"काय म्हणतेय?" बायकोनं मोडीची वही बंद न करता विचारलं.

"पोचली," मी म्हटलं.